स्वस्त गाडी, अवघड परीक्षा : डॅटसन २४० झेडची शर्यतींमधली गोष्ट



आजचा पाठ जरा वेगळा आहे. वाहतुकीची साधने हा घटक आपण तिसरी-चौथीपासून शिकतो. बैलगाडी, सायकल, एस.टी., रेल्वे, विमान अशी यादी पाठ करतो आणि पुढे जातो. पण एखादी गाडी चांगली आहे हे ठरवायचं कसं? जाहिरात बघून? किंमत बघून? की तिची परीक्षा घेऊन? आज आपण एका गाडीची गोष्ट वाचणार आहोत. ती महागडी नव्हती. तिच्या देशाच्या मालाला तेव्हा बाहेर फारसा मानही नव्हता. पण तिने अमेरिकेच्या गुळगुळीत ट्रॅकवर आणि आफ्रिकेच्या चिखलात अशा दोन्ही ठिकाणी परीक्षा दिली. त्या गाडीचं नाव डॅटसन २४० झेड.

डॅटसन हे नाव मोठ्यांनी ऐकलेलं असेल. अलीकडे २०१४ साली 'डॅटसन गो' नावाची छोटी गाडी आपल्याकडे विकायला आली होती आणि २०२२ मध्ये बंद झाली. डॅटसन हे जपानच्या निस्सान कंपनीच्याच गाड्यांचं जुनं नाव. आपली गोष्ट मात्र पन्नास वर्षांहून जुनी आहे.

१) आधी तीन शब्द समजून घेऊ

स्पोर्ट्स कार : साधारणपणे दोनच माणसांची, बुटकी, हलकी आणि वेगवान गाडी. सामान नेण्यापेक्षा चालवण्याचा आनंद मिळावा म्हणून ती बनवलेली असते.

सर्किट शर्यत : शाळेच्या मैदानावर आपण गोल फेऱ्या मारून धावतो ना, तसंच. बंद ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकत्र सुटतात. जो ठरलेल्या फेऱ्या आधी पूर्ण करेल तो पहिला.

रॅली : आपल्याकडे रॅली म्हटलं की घोषणा देत निघालेली फेरी डोळ्यासमोर येते. मोटारींची रॅली वेगळी. इथे गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सोडतात. रस्ता लांबचा असतो. वाटेत तपासणी नाके असतात. प्रत्येक नाक्यावर किती वाजेपर्यंत पोहोचायचं ते ठरलेलं असतं. उशीर झाला की दंडगुण. शेवटी ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो जिंकला. म्हणजे परीक्षेच्या अगदी उलटं, इथे कमी गुणवाला पहिला! गाडीत दोघं असतात. एक चालक आणि दुसरा त्याचा सहचालक. सहचालक नकाशा, वळणं आणि घड्याळ सांभाळतो.

हे तीन शब्द लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

२) गाडी आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात जपानची फार हानी झाली होती. युद्धानंतर तिथले कारखाने हळूहळू उभे राहिले. १९५०-६० च्या काळात जपानी गाडी म्हटलं की परदेशातले लोक नाक मुरडायचे. छोटी, कमी ताकदीची, लवकर बिघडणारी असा तिचा लौकिक होता.

याच काळात निस्सान कंपनीत युताका काटायामा नावाचे एक अधिकारी होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपली गाडी चांगली आहे असं आपणच सांगून उपयोग नाही, ती अवघड ठिकाणी चालवून दाखवली पाहिजे. १९५८ साली ऑस्ट्रेलियाला वळसा घालणारी एक मोठी स्पर्धा होती. सुमारे १६,००० किलोमीटरचं अंतर आणि १९ दिवस. काटायामा तिथे दोन छोट्या डॅटसन गाड्या घेऊन गेले. गाड्यांची नावं 'फुजी' आणि 'साकुरा'. फुजी म्हणजे त्यांचा पवित्र पर्वत आणि साकुरा म्हणजे चेरीचा बहर. यातल्या फुजीने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. ही गाडी चालवणाऱ्यांत यासुहारू नांबा होते. पुढे निस्सानच्या रॅली संघाची धुरा त्यांनीच सांभाळली.

१९६० मध्ये काटायामांना अमेरिकेला पाठवलं. तिथले लोक त्यांना आपुलकीने 'मिस्टर के' म्हणत. अमेरिकेत फिरताना त्यांनी एक गोष्ट हेरली. तरुणांना स्पोर्ट्स कार आवडते, पण चांगली स्पोर्ट्स कार महाग असते आणि स्वस्तातली असेल तर जुन्या घडणीची असते. मधली जागा रिकामी होती. तिथे बसेल अशी गाडी करा म्हणून ते जपानकडे आग्रह धरत राहिले.

जपानमध्ये योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने गाडीचा आकार तयार केला. लांब नाक, मागे उतरतं छप्पर आणि दोनच सीटा. १९६९ च्या अखेरीस ती जपानमध्ये 'फेअरलेडी झेड' या नावाने आली. अमेरिकेत शर्यतीच्या गाडीला हे नाव शोभणार नाही असं काटायामांना वाटलं. म्हणून तिथे ती फक्त '२४० झेड' झाली.

३) ही गाडी स्वस्त कशी पडली? (थोडं गणित)

अमेरिकेत तिची किंमत होती ३,५२६ डॉलर. हा आकडा एकट्याने काही सांगत नाही, तुलना करावी लागते. त्या वेळी साधी फोक्सवॅगन बीटल सुमारे १,८०० डॉलरला मिळायची. जग्वारची प्रसिद्ध ई-टाइप पाच हजारांच्या वर होती आणि पोर्शे ९११ त्याहूनही महाग. म्हणजे ही गाडी गरिबाची नव्हती हं! दोन बीटलच्या जवळपास तिची किंमत जायची. पण शिक्षक, कारकून किंवा नुकताच नोकरीला लागलेला इंजिनिअर हप्त्यावर घेऊ शकेल एवढी ती आवाक्यात होती.

आता प्रश्न असा की कंपनीला हे परवडलं कसं? इथे मला गणिताचा एक सुंदर तुकडा सापडतो.

निस्सानकडे आधीच एक साधी घरगुती गाडी होती, डॅटसन ५१०. तिच्या इंजिनात चार सिलिंडर होते आणि एकूण आकारमान १,५९५ घन सेंटिमीटर होतं. एका सिलिंडरचं किती झालं?

१,५९५ ÷ ४ = ३९८.७५ घन सेंमी

आता असेच सहा सिलिंडर एका ओळीत लावले तर?

३९८.७५ × ६ = २,३९२.५ घन सेंमी

आणि २४० झेडच्या इंजिनाचं आकारमान होतं २,३९३ घन सेंटिमीटर! म्हणजेच जवळपास २.४ लिटर. 'चोवीस' हा आकडा नावात आला तो इथूनच. नवीन इंजिन शून्यापासून बनवण्याऐवजी निस्सानने घरातल्या इंजिनाला दोन सिलिंडर वाढवले. पिस्टन त्याच मापाचे, कारागिरांना माहीत असलेले आणि कारखान्यात आधीच तयार होणारे. आपल्याकडे आई चौघांच्या स्वयंपाकाच्या मापात आणखी दोघांचं कसं बसवते, तसंच.

याचा फायदा फक्त किमतीत झाला नाही. जे इंजिन लाखो घरगुती गाड्यांत चाललं, त्याचे दोष आधीच कळलेले असतात. ते रोजच्या वापरात पक्कं झालेलं असतं. ही गोष्ट पुढे आफ्रिकेत कामाला आली.

आणखी एक गुण म्हणजे गाडीची चारही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होत. बैलगाडी आठवा. दोन्ही चाकं एकाच आसावर असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी कलंडते. इथे तसं नव्हतं. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं आपल्या जागी रस्ता धरून राहायचं. गाडीचं वजनही साधारण १,०४० किलो, म्हणजे एक टनापेक्षा किंचित जास्त. हलकी गाडी, मोठं इंजिन आणि स्वतंत्र चाकं. शर्यतीला आणखी काय हवं?

४) पहिली परीक्षा : अमेरिकेचे ट्रॅक

अमेरिकेत हौशी चालकांच्या शर्यती भरवणारी एक मोठी संस्था आहे, स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका. तिच्या नियमानुसार दुकानात मिळणाऱ्या गाड्या त्यांच्या क्षमतेप्रमाणे गटांत विभागल्या जात. २४० झेडला 'सी प्रॉडक्शन' गटात जागा मिळाली. त्या गटात पोर्शे ९१४-६ आणि ट्रायम्फ टीआर ६ अशा नावाजलेल्या युरोपी गाड्या होत्या.

कॅलिफोर्नियात पीट ब्रॉक नावाचे गाड्यांचे आराखडे करणारे गृहस्थ होते. शेल्बी डेटोना कूप ही गाजलेली शर्यतीची गाडी त्यांच्याच डोक्यातून निघाली होती. त्यांच्या छोट्या संघाने २४० झेड तयार केली. पांढरा, लाल आणि निळा रंग, ४६ क्रमांक आणि चालक जॉन मॉर्टन.

सुरुवात चांगली झाली नाही. इंजिन फार वेगाने फिरवलं की आतला क्रँक थरथरायचा आणि त्या थरथरीने इंजिनाची मोडतोड व्हायची. क्रँक म्हणजे काय ते सांगतो. पिस्टन वर-खाली होतो, पण चाक तर गोल फिरायला हवं. वर-खाली हालचालीचं गोल फिरण्यात रूपांतर करणारा वाकडा दांडा म्हणजे क्रँक. शिवणयंत्राच्या पायट्याजवळचा दांडा बघा, तेच तत्त्व. रस्त्यावर रोज चालवताना हा दोष कुणाला जाणवलाच नसता. शर्यतीत तो उघडा पडला. ब्रॉक यांच्या संघाने तो कंपनीला कळवला आणि सुधारलेला क्रँक आला.

मित्रांनो, शर्यतीचा खरा उपयोग इथे दिसतो. चाचणी परीक्षा आपण कशाला घेतो? पोराला नापास करायला नाही, कुठे कच्चं आहे ते कळायला. ते कळलं आणि दुरुस्त केलं तरच परीक्षेला अर्थ.

दुरुस्तीनंतर गाडी सुसाट सुटली. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं मॉर्टन यांनी सी प्रॉडक्शन गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. पुढच्या दोन वर्षी, १९७२ आणि १९७३ मध्ये, पूर्व किनाऱ्यावरचे बॉब शार्प हे याच गाडीत अजिंक्य ठरले. शार्प यांच्या संघातून पुढे हॉलिवूडचे नट पॉल न्यूमनही शर्यती खेळले. १९७९ साली याच गटात त्यांनी झेड गाडीचं पुढचं मॉडेल २८० झेडएक्स चालवून राष्ट्रीय पदक मिळवलं. तेव्हा त्यांचं वय ५४ होतं!

५) दुसरी परीक्षा : मॉन्टे कार्लोचा बर्फ

युरोपात जानेवारी महिन्यात मॉन्टे कार्लो रॅली होते. डोंगरातले अरुंद रस्ते, वळणावर अचानक बर्फ, लगेच पुढे कोरडा डांबरी रस्ता. २४० झेडचं नाक लांब आणि जड, ताकद मात्र मागच्या चाकांना. अशी गाडी बर्फावर लगेच घसरते. तरी फिनलंडचे राउनो आल्टोनेन यांनी १९७१ मध्ये तिला पाचव्या आणि १९७२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आणलं. १९७२ ला पुढे फक्त एक लान्सिया आणि एक पोर्शे होती.

त्या वर्षी आल्टोनेन यांच्या शेजारी सहचालक म्हणून जो तरुण बसला होता त्याचं नाव ज्याँ टोड. हेच टोड पुढे फेरारीच्या शर्यत संघाचे प्रमुख झाले आणि त्यानंतर मोटार खेळांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षही झाले.

६) तिसरी आणि सर्वांत अवघड परीक्षा : सफारी

आता नकाशा काढा. आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात केनिया, युगांडा आणि टांझानिया हे देश शोधा. विषुववृत्त केनिया आणि युगांडातून जातं.

इथे १९५३ साली एक रॅली सुरू झाली. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त ती भरवली होती. पुढे ती 'ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. ती ईस्टरच्या सुट्टीत व्हायची. तिकडे मोठ्या पावसाचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. पाऊस आला तर चिखल, नाही आला तर धूळ. सुटका नाही!

अंतर पाच हजार किलोमीटरपेक्षा जास्त. नागपूर ते मुंबई रस्त्याने साधारण आठशे किलोमीटर धरा. म्हणजे सहा वेळा नागपूर-मुंबई, तेही चार-पाच दिवसांत, रात्री-अपरात्री. आणि रस्ते बंद केलेले नसत. समोरून ट्रक येणार, गुरं आडवी येणार, जिराफ आणि रानडुकरंसुद्धा येणार.

तिथल्या रस्त्याबद्दल दोन गोष्टी वाचून आपल्याला गंमत वाटेल. तिथे खडी-मातीच्या कच्च्या रस्त्याला 'मरम' म्हणतात. आपल्या मुरूम या शब्दाशी हे नाव किती जुळतं बघा. दुसरी गोष्ट म्हणजे तिथे एक काळी, चिकट माती आहे, तिला ते 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणतात. म्हणजे कापसाची काळी जमीन! विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना ही माती वेगळी सांगायला नको. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिला पाऊस पडला की चप्पल पायातून निघून मातीतच राहते. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये ही माती भरली की चाक फिरायचं थांबतं. आता अशा मातीतून जमिनीला लागून चालणारी स्पोर्ट्स कार न्यायची, हा विचार करा.

ही रॅली किती अवघड होती? १९६८ साली ९३ गाड्या निघाल्या आणि शेवटपर्यंत पोहोचल्या फक्त ७. टक्केवारी काढा बरं! (७ ÷ ९३ × १०० = सुमारे ७.५ टक्के.) १९६३ मध्येही ८४ पैकी ७ गाड्याच पोहोचल्या होत्या. म्हणून या रॅलीत पहिला येण्याइतकाच नुसतं शेवटपर्यंत पोहोचण्यालाही मान होता. इथे फक्त वेग कामाचा नव्हता. गाडी सांभाळून नेणारा आणि बिघाड झाला तर रस्त्यात दुरुस्त करणारा पुढे जायचा.

इथे आपल्या मातीशी नातं सांगणारे चालकही होते. केनियात जन्मलेले शीख मेकॅनिक जोगिंदर सिंग यांनी १९६५ मध्ये कंपनीने आधी वापरलेली जुनी व्होल्वो चालवून ही रॅली जिंकली होती. लोक त्यांना 'उडता शीख' म्हणत.

निस्सानने सफारीसाठी गाडीत बदल केले. अंगाचे सांधे मजबूत केले, इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा लावला, पुढे गुरांच्या धडकेपासून वाचवणारा लोखंडी कठडा लावला, जास्तीचे दिवे बसवले आणि जादा स्टेपन्या घेतल्या. रंग लाल आणि बॉनेट काळं. काळं अशासाठी की उन्हात चकाकून चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये.

१९७० साली डॅटसनच्या साध्या घरगुती गाडीत एडगर हेरमान यांनी सफारी जिंकलीच होती. १९७१ मध्ये तेच हेरमान आणि सहचालक हान्स शुलर २४० झेड घेऊन उतरले आणि पुन्हा पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरही २४० झेडच होती. ती चालवत होते शेखर मेहता नावाचे पंचविशीतले तरुण.

हेरमान यांची ती गाडी निस्सानने जपानमधल्या झामा इथल्या आपल्या संग्रहात जपून ठेवली आहे.

७) शेखर मेहता आणि १९७३ ची रॅली

शेखर मेहता यांचा जन्म १९४५ साली युगांडाची राजधानी कंपाला इथे झाला. त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून तिकडे गेलेले. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या कामासाठी, व्यापारासाठी, शेतीच्या मळ्यांसाठी हजारो भारतीय पूर्व आफ्रिकेत गेले आणि तिथलेच झाले. त्यांची दुसरी-तिसरी पिढी तिथेच जन्मली.

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने फर्मान काढलं. आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा. दुकानं, घरं, कारखाने जिथल्या तिथे टाकून हजारो कुटुंबं बाहेर पडली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी भारतात, कुणी कॅनडात. मेहतांचं कुटुंब केनियात आलं. ज्या गावाला आपण आपलं म्हणतो तिथून तीन महिन्यांत निघायचं म्हणजे काय, याचा विचार तुम्ही करा. आपल्याकडे धरणात गाव गेलेल्या माणसांना विचारलंत तर ती सांगतील.

त्यानंतर वर्षही झालं नव्हतं. एप्रिल १९७३ ची सफारी आली. या वर्षाला आणखी एक महत्त्व होतं. त्याच वर्षी जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा सुरू झाली होती आणि सफारी ही तिची चौथी फेरी होती. म्हणजे आता हा विजय जगाच्या हिशोबात धरला जाणार होता.

मेहता २४० झेडमध्ये, शेजारी सहचालक लॉफ्टी ड्र्यूज. रॅली संपली, दंडगुणांची बेरीज झाली आणि काय झालं? मेहता आणि स्वीडनचे हॅरी क्यालस्ट्रॉम यांचे दंडगुण अगदी सारखे! एवढी हजारो किलोमीटरची रॅली, आणि बरोबरी. क्यालस्ट्रॉमही डॅटसनच्याच दुसऱ्या एका मॉडेलमध्ये होते.

मग नियम बघितला गेला. बरोबरी झाली तर सुरुवातीपासून दंड न घेता ज्याने जास्त अंतर कापलं असेल तो विजेता. त्या हिशोबाने मेहता पहिले ठरले. म्हणजे विजय शेवटच्या दिवशी नाही, पहिल्या टप्प्यांतच मिळालेला होता. सुरुवातीला ज्याने वेळ पाळली त्याला ती शेवटी उपयोगी पडली.

जागतिक रॅली स्पर्धेत जपानी कंपनीने मिळवलेला हा पहिला विजय. आणि तो मिळवून दिला आफ्रिकेत जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या, नुकत्याच घरातून उठवल्या गेलेल्या एका चालकाने. मेहता यांनी पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं डॅटसनच्याच गाड्यांतून सफारी जिंकली. एकूण पाच विजय. नंतर त्यांनी जागतिक संघटनेत रॅलीच्या कारभारातही काम केलं. २००६ साली त्यांचं निधन झालं.

८) पुढे काय झालं?

२४० झेडनंतर २६० झेड, २८० झेड अशी मॉडेलं आली. १९७८ पर्यंत या पहिल्या पिढीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. त्यानंतरच्या झेड गाड्याही शर्यतींत राहिल्या. १९९४ मध्ये ३०० झेडएक्सने अमेरिकेतली डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. पण एक फरक लक्षात घ्या. दर पिढीगणिक गाडी जड, आरामशीर आणि महाग होत गेली. सामान्य माणसाची स्पोर्ट्स कार ही ओळख थोडी मागे पडली.

काटायामा १०५ वर्षं जगले आणि २०१५ मध्ये वारले.

९) थोडं थांबून विचार करू या

वर्गात हा पाठ घेतला की एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, "सर, मग दुकानातली गाडी घेतली तर तीही रॅली जिंकेल का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर आहे, नाही. रॅलीची गाडी मजबूत केलेली होती. तिच्यामागे सुटे भाग घेऊन धावणारा ताफा होता, मेकॅनिक होते, कंपनीचा पैसा होता. जाहिरातीत हे सांगत नाहीत. जाहिरातीत फक्त 'सफारी विजेती' एवढंच दिसतं. म्हणून कुठलीही जाहिरात वाचताना आपण विचारायचं की जिंकलेली वस्तू आणि मला मिळणारी वस्तू एकच आहे का?

पण दुसरी बाजूही खरी आहे. इंजिनाचा मूळ आराखडा, चाकांची रचना आणि गाडीचा सांगाडा हे दोन्हीकडे तेच होते. मूळ वस्तू कच्ची असती तर वरून कितीही पत्रे ठोकून ती सफारीतून बाहेर आली नसती. स्वस्त असणं आणि कमअस्सल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू स्वस्त का आहे हे बघावं लागतं. माल हलका वापरला म्हणून स्वस्त, की डोकं वापरलं म्हणून स्वस्त? २४० झेडमध्ये दुसरं घडलं.

आणि हो, एक सूचना. वेगाची हौस ट्रॅकवर, हेल्मेट घालून, नियमात. गावच्या रस्त्यावर दादाची मोटारसायकल पळवणं याला शर्यत म्हणत नाहीत.

घटनाक्रम (वहीत लिहून घ्या)

- १९५३ : पूर्व आफ्रिकेत सफारी रॅलीची सुरुवात
- १९५८ : ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत डॅटसन 'फुजी' गटात पहिली
- १९६९ : जपानमध्ये फेअरलेडी झेड दाखल
- १९७० व १९७१ : जॉन मॉर्टन अमेरिकेत सी प्रॉडक्शन अजिंक्य
- १९७१ : सफारीत २४० झेड पहिली व दुसरी
- १९७२ : मॉन्टे कार्लोत तिसरा क्रमांक, युगांडातून आशियाईंची हकालपट्टी
- १९७३ : शेखर मेहता यांचा सफारी विजय

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) रॅलीत विजेता कसा ठरवतात?
आ) २४० झेड या नावातील 'चोवीस' कशावरून आला?
इ) १९७३ च्या सफारीत बरोबरी झाल्यावर कोणता नियम लावला?

प्र. २. कारणे लिहा.
अ) सफारीच्या गाडीचे बॉनेट काळे रंगवले होते.
आ) ब्रॉक यांच्या संघाला नवीन क्रँकची गरज पडली.
इ) मेहता कुटुंबाला युगांडा सोडावा लागला.

प्र. ३. गणित करा.
अ) १६,००० किमी अंतर १९ दिवसांत कापले, तर रोज सरासरी किती किमी?
आ) दोन नाक्यांमधील अंतर १२० किमी आहे आणि दिलेली वेळ दीड तास. वेळेत पोहोचायला ताशी सरासरी किती वेग हवा? वाटेत पंक्चर काढायला १० मिनिटे गेली, तर उरलेल्या वेळेत किती वेग लागेल?
इ) (वरच्या वर्गासाठी) सिलिंडरचा व्यास ८.३ सेंमी आणि पिस्टनची चाल ७.३७ सेंमी आहे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून एका सिलिंडरचे घनफळ काढा. त्याला ४ ने आणि ६ ने गुणा. उत्तर पाठातल्या आकड्यांशी जुळते का?

प्र. ४. तुमचे मत लिहा.
'स्वस्त वस्तू चांगली नसते' हे तुम्हाला पटते का? घरातल्या किंवा शेतातल्या एखाद्या वस्तूचे उदाहरण देऊन पाच-सहा ओळी लिहा.

उपक्रम

गावातल्या गॅरेजमध्ये शिक्षकांसोबत जा. मेकॅनिक काकांना विचारा की कोणत्या गाडीचे सुटे भाग सहज मिळतात, कोणत्या गाडीचे मिळत नाहीत आणि त्याने गिऱ्हाइकाला काय फरक पडतो. त्यांचा जुना क्रँक किंवा पिस्टन हातात घेऊन बघा. मिळालेली माहिती तक्त्यात मांडा आणि वर्गात लावा.

शिक्षक मित्रांनो, वरचं गणित (प्र. ३ इ) सातवी-आठवीच्या वर्गाला एकदा फळ्यावर करून दाखवा. पुस्तकातली वृत्तचिती खऱ्या इंजिनात सापडली की मुलांना घनफळाचं सूत्र पुन्हा पाठ करावं लागत नाही.